साक्षीचा रकाना

मोसंबीला बहार आला की माझं डोकं फिरतं. लोक अंबडच्या रस्त्याला गाडी बाजूला घेऊन तो वास छातीत भरून घेतात, फोटो काढतात, वा वा करतात. मी नाकाला पदर लावते आणि पाय उचलते. फुलांचा बिचाऱ्यांचा काही दोष नाही. पण फेब्रुवारी सरता सरता हा वास सुटतो, त्याच दिवसांत बारावीचे पेपर सुरू होतात, त्याच दिवसांत आमच्या चर्चच्या मंडळीत ईस्टरच्या आधीचे उपासाचे चाळीस दिवस लागतात, आणि नेमकं तेव्हाच आमच्या तरुण संघाच्या अंगात येतं. हो, ख्रिस्ती असून अंगात येतं म्हणते मी. डोळ्यांनी बघितलंय म्हणून म्हणते.

यंदाही आलं. गेल्या आठवड्यात चर्चच्या भिंतीवर कागद चिकटवलेला दिसला, 'साक्ष महोत्सव, शनिवारी दुपारी चार वाजता, सर्व तरुणांनी तयारीनिशी यावे.' तयारीनिशी! साक्ष म्हणजे देवानं आपल्या आयुष्यात काय केलं ते चार माणसांत सांगणं. त्याची तयारी कसली करता रे बाबांनो? गॅदरिंगचा नाच आहे का तो? मी तिथंच उभी राहून मोठ्यानं हसले. झाडणाऱ्या मावशी माझ्याकडं बघत राहिल्या.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. मंडळीत लहानथोर सगळे मला टीचर म्हणतात, माझ्याहून दहा वर्षांनी मोठे असलेले चर्चचे पाळकसाहेबसुद्धा. बरीच वर्षं तरुण संघ मीच चालवत होते. त्यामुळं आता जी थुंकी उडवणार आहे ती माझ्याही तोंडावर पडणार आहे, हे आधीच सांगून टाकते.

आमच्या तरुणपणी संघ म्हणजे काय होतं? शनिवारी दुपारी चर्च झाडायचं, बाकं पुसायची, सतरंज्या उन्हात झटकायच्या. धुळीनं शिंका देऊन देऊन बेजार व्हायचो. ऊसतोडीच्या दिवसांत तेव्हाचे म्हातारे पाळक आम्हाला अंकुशनगरला घेऊन जायचे. साखर कारखान्याच्या आसपास पाचटाच्या खोपटांत तोडवाल्यांची लेकरं दिवसभर एकटी असायची. आम्ही त्यांच्या वेण्या घालायचो, नखं कापायचो, मातीत काडीनं अक्षरं काढून दाखवायचो. मळीचा तो आंबूस वास कपड्यांत घेऊन घरी यायचो. म्हातारे पाळक कधीच विचारायचे नाहीत की आज प्रार्थना केली का, किती अध्याय वाचले. एकच विचारायचे, "जेवली का गं?" मला त्या वयात वाटायचं, काय हा साधा माणूस, याला काही आत्मिक विचारताच येत नाही. किती दीड शहाणी होते मी!

म्हातारे पाळक वारले, नवे पाळकसाहेब आले. माणूस वाईट नाही. पण कुणी मोठ्यानं बोललं की याला वाटतं, खरंच बोलत असणार. त्यांच्याच काळात चार वर्षांपूर्वी, अशाच बहाराच्या दिवसांत, पुण्याहून ब्रदर प्रसन्न आले. तिशीतला माणूस, पांढरेशुभ्र बूट, हातात बिनवायरचा माइक. आमच्या साठ माणसांच्या चर्चमध्ये माइक कशाला लागतो हे त्यालाच ठाऊक. मागच्या बाकावर कुणी जांभई दिली तर पुढं ऐकू येते. प्रार्थना करताना तो डाव्या हाताची दोन बोटं हलवायचा आणि कीबोर्डवरचा पोरगा लगेच रडके सूर धरायचा. बोटं थांबली की सूर थांबायचे. डोळे मिटून प्रार्थना करायची असते, मी उघडे ठेवले म्हणून मला ती बोटं दिसली. दिसूनही मी गप्प बसले. माझ्या आयुष्यात बिनवायरचा माइक पहिल्यांदाच आला होता ना!

ब्रदरनं तरुणांना साक्षीचं तंत्र शिकवलं. तीन मिनिटं, तीन भाग. आधी मी किती अंधारात होतो, मंग काय घडलं, आणि आता मी कसा उजेडात आहे. अंधार जितका गडद तितका उजेड फाकणार, म्हणून अंधारावर जोर द्यायचा. झालं! पोरं अंधार शोधायला लागली. आमची पोरं म्हणजे कोण? कुणाचा बाप कारखान्यावर, कुणाची आई दवाखान्यात आया, कुणी शिक्षकाचं लेकरू. संध्याकाळी सातला घरात नसली तर गल्लीभर बोंब होते. यांच्याकडं अंधार येणार कुठून? पण शमुवेल नावाचा एक पोरगा उठला आणि डोळे पुसत म्हणाला, "मी व्यसनाच्या दलदलीत गेल्तो." आयाबाया हळहळल्या. मी नंतर त्याला बाजूला घेतलं. "कसलं व्यसन रे तुला?" म्हणाला, "टीचर, काकाच्या खिशातली तंबाखू खाल्ली होती एकदा. उलटी झाली." या उलटीवर साठ माणसांनी हालेलुया म्हटलं होतं. दुसरा एक जण म्हणे आत्महत्येच्या विचारात होता, त्याला मी स्वतः त्याच आठवड्यात बसस्टँडवर भेळ खाताना बघितलं होतं, वरून जास्तीची शेव मागत होता.

हसू येतं ना? मलाही यायचं. पण हसून घरी गेले आणि ड्रॉइंगचा मोठा कागद काढला. ब्रदरनं सांगितलं होतं, मुलांची आत्मिक वाढ दिसली पाहिजे, तक्ता करा. तक्ते करण्यात माझा हात कोण धरणार? पट्टी लावून रेघा मारल्या, स्केचपेननं नावं लिहिली. रकाने तीन, उपास, पाठांतर, साक्ष. ज्याचं झालं त्याच्या रकान्यात सोनेरी चांदणी चिकटवायची. देवाच्या दारात पहिली-दुसरीचा वर्ग भरवला मी, आणि वर अभिमानानं पाळकसाहेबांना बोलावून दाखवला.

त्या तक्त्यावर आठवं नाव कृपाचं होतं. बारावी सायन्सला होती, दहावीला एक्क्याण्णव टक्के घेतलेले. वडील कारखान्यावर, आई शांताबाई अंगणवाडीत मदतनीस. मुलगी अशी की पेपरात एकही प्रश्न कोरा सोडणार नाही, येत नसला तरी आकृती तरी काढून येईल. तिला नर्स व्हायचं होतं. ठरवूनच बसली होती, दुसरा विचारच नाही. दर रविवारी ती मार्थाआजींना हाताला धरून चर्चमध्ये आणायची. आजींना दिसत नाही. गाण्याचं पुस्तक आजींपुढं उघडायची आणि पुढची ओळ त्यांच्या कानात आधी सांगायची, म्हणजे आजींना सगळ्यांबरोबर म्हणता यावं. हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. याला माझ्या तक्त्यात रकाना नव्हता.

तिचे उपासाचे, पाठांतराचे रकाने चांदण्यांनी भरलेले होते. साक्षीचा कोरा. ती येता जाता त्या कोऱ्या चौकोनाकडं बघायची, मला दिसायचं. एका शनिवारी मीच तिला धरलं.

"कृपा, सगळ्यांच्या साक्षी झाल्या. तुझी कधी?"

"टीचर, माझ्याकडं सांगण्यासारखं काहीच न्हाई."

"असं कसं? प्रत्येकाचं काहीतरी असतंच. मन कठीण नको करू गं."

"कठीण न्हाई करून राह्यले, टीचर. आठवून राह्यले."

आठवून राह्यले! सतरा वर्षांची निर्मळ पोर दोन हात बांधून माझ्यापुढं आपलं पाप आठवत उभी होती, आणि मला तिची दया आली नाही. मला वाटलं, ही आडमुठी आहे, हुशारीचा गर्व आहे हिला. तिच्या खांद्यावर हात ठेवून, आवाज मऊ करून मी म्हटलं, "बघ, काहीतरी तर असेलच." हा मऊ आवाज आम्हा धार्मिक माणसांचा फार नावाजलेला असतो. त्या आवाजात काहीही मागितलं तरी समोरच्याला नाही म्हणता येत नाही.

मोसंबीवाले झाडाला ताण देतात. बहार यावा म्हणून पाणी तोडतात, पानं मलूल झाली की पुन्हा पाणी सोडतात. ब्रदरला हे कुणीतरी सांगितलं आणि त्यानं त्यावर अख्खं प्रवचन ठोकलं, तरुणांना ताण द्या, मंग बघा कसे फुलतात. पुण्याचा माणूस, झाडाला हात न लावलेला. तीर्थपुरीकडचे एक बागाईतदार मागं बसले होते, ते बाहेर पडताना मला म्हणाले, "टीचर, ताण किती द्यायचा ते झाड बघून ठरवावं लागतं. हलक्या रानातल्या झाडाला जास्त ताणलं तर ते बहार धरत न्हाई, वाळून जातं." मी मान डोलावली आणि चहाच्या रांगेत उभी राहिले.

पुढच्या शनिवारी कृपा उठली. हातात कागद नव्हता. पहिला भाग, दुसरा भाग, तिसरा भाग, बराबर तीन मिनिटं. म्हणाली, मी दहावीला कॉपी केली होती. माझे एक्क्याण्णव टक्के खोटे आहेत. मी आईवडिलांना फसवलं, देवाला फसवलं. आता मी उजेडात आले आहे. आवाज एकदाच कापला. ब्रदरची बोटं हलली, सूर लागले, चर्च हालेलुयानं दणाणलं. ब्रदर तिच्या डोक्यावर हात ठेवून मोठ्यानं रडला, फार छान रडायचा तो, डोळ्यांना त्रास न होता. शांताबाई तिच्या जागेवर दगडासारखी बसून होती. आणि मी? मी भिंतीपाशी गेले आणि चांदणी चिकटवली. नीट बसावी म्हणून अंगठ्यानं दाबली.

कुणीतरी मोबाईलवर सगळं घेतलं होतं. आमच्या लोकांना आशीर्वाद पोटात ठेवता येत नाही, लगेच ग्रुपवर टाकावा लागतो. रविवारपर्यंत सगळ्या मंडळीनं बघितलं, सोमवारी तिच्या कॉलेजात पोचलं, आणि इंग्रजीच्या पेपराला ती परीक्षा केंद्रावर गेली तेव्हा दारातल्या बाई म्हणाल्या, "तूच ना ती, कॉपीवाली? इकडं ये." ओढणी झटकली, बूट काढायला लावले, केस सोडायला लावले. बाकीच्या पोरी वर्गात जाऊन बसल्या होत्या. दुसऱ्या पेपराला तेच. त्या बाईंचं तरी काय चुकलं? पोरीनं स्वतःच्या तोंडानं कबूल केलेलं, माइकवरून.

दुसऱ्या पेपरानंतर ती माझ्या घरी आली. दुपारचं ऊन, अंगणात मी चिंचा फोडत बसले होते. ती पायरीवर बसली आणि दोन-चार चिंचा तिनंही फोडल्या. मग म्हणाली, "टीचर, मी कॉपी न्हाई केल्ती."

"म्हणजे?"

"कधीच न्हाई. मला काही सापडतच नव्हतं. तुम्ही म्हणाल्ता काहीतरी असेलच. चोरी सांगितली असती तर कुणाची ते सांगावं लागलं असतं. याच्यात दुसऱ्या कुणाचं नाव येत न्हाई, म्हणून हे सांगितलं."

एवढा हिशोब करून पाप निवडलं होतं तिनं. दुसऱ्या कुणाला लागू नये म्हणून. मला विचाराल तर आमच्या मंडळीत त्या सगळ्या चाळीस दिवसांत झालेली तेवढीच एक पवित्र गोष्ट. बाकी सगळा कीबोर्ड.

"टीचर, येत्या शनिवारी तुम्ही सांगा ना सगळ्यांना. मी सांगितलं तर म्हणतील आता भ्याली म्हणून पलटली. तुमचं ऐकतील. बुधवारी माझा फिजिक्सचा पेपर हाय."

मी म्हटलं, "सांगते." अगदी ठामपणे म्हटलं. जाताना तिच्या हातात चिंचा घातल्या.

शनिवारी सकाळी मी पाळकसाहेबांकडं गेले. त्यांनी सगळं ऐकलं, कपाळ चोळलं आणि म्हणाले, "टीचर, खरंय तुमचं. पण आता हे बोललं तर ब्रदरचं काय? बाकीच्या साक्षी खोट्या म्हणतील लोक. किती पोरं उपासाला बसून राह्यलीत, जागृती येऊन राह्यली. जरा दम धरा. ईस्टर होऊ द्या. सावकाश बघू." मला काय बोलायचं ते चांगलं ठाऊक होतं. बाकीच्याही खोट्याच आहेत साहेब, हे माझ्या ओठांवर होतं. पण त्यापुढं आणखी एक वाक्य यायचं होतं, की तक्ता मी केला, तिला मी ढकललं. ते वाक्य मला बाहेर काढवेना. दुपारी चार वाजता मी पहिल्या बाकावर बसले, टाळ्या वाजवल्या, प्रार्थना केली आणि घरी आले. कृपा दाराजवळ बसली होती. तिनं माझ्याकडं एकदा बघितलं, पुन्हा बघितलं नाही.

फिजिक्सच्या दिवशी पेपर सुरू झाल्यावर तिला मधेच उठवून बाहेर नेलं, कुणीतरी तक्रार केली म्हणे. अर्धा तास गेला. उरलेल्या वेळात तिनं बरेच प्रश्न कोरे सोडले. ती पोर, जिनं कधी कोरं सोडलं नव्हतं. निकालात फिजिक्स राहिला. आणि आमची मंडळी काय म्हणाली? "बघा, दहावीला खरंच कॉपी केल्ती. आता कॉपी न्हाई तर नापास." खोट्याला पुरावासुद्धा मिळाला. मला त्या दिवशी माझ्या माणसांची इतकी किळस आली की रविवारच्या उपासनेत गाणं म्हणताना तोंड उघडेना.

नर्सिंग राहिलं ते राहिलंच. पुन्हा बसून बारावी काढली तिनं, पण मन उडालं होतं. आता संभाजीनगरला एका चष्म्याच्या दुकानात आहे. ब्रदर प्रसन्न पुढच्या गावी गेले, तिथंही झाडांना ताण दिला असेल. मी संघ सोडला. लोकांना सांगितलं, गुडघे दुखतात.

या चार वर्षांत मी पुष्कळ विचार केला, कारण गप्प बसलेल्या माणसाला दुसरं कामच नसतं. तरुण पोरांचा विश्वास म्हणजे काय हो? परीक्षेच्या दिवसांत त्यांना घरी अभ्यासाला सोडा. ज्याच्याकडं सांगण्यासारखं काही नाही त्याला बिलकुल काही विचारू नका. त्याच्याकडं काही नाही म्हणून देवाचे आभार माना, मूर्खांनो! पोरगं चुकलं असेल तर ते ज्या एका माणसापाशी, एका खोलीत, हळू आवाजात बोलेल असा माणूस आधी तुम्ही व्हा. आणि आंधळ्या आजीच्या कानात कोण ओळ सांगतं ते कधीतरी मान वळवून बघा. यात अवघड काय आहे? पण यात माइक लागत नाही ना, म्हणून आम्हाला ते आत्मिक वाटत नाही.

तर परवाच्या शनिवारी मी त्या महोत्सवाला गेले. जायचं नव्हतं, पण पाय गेले. चर्च भरलं होतं. संघाचा नवा सेक्रेटरी कोण? तोच शमुवेल, तंबाखूच्या उलटीवाला. आता दाढी आहे, आणि पांढरे बूटही आहेत. मुलं साक्षीला उठेनात, उद्या-परवा पेपर, डोळे तारवटलेले. तेव्हा शमुवेल माइकवर म्हणाला, "घाबरू नका. आपल्याच संघातल्या कृपाताईनं चार वर्षांपूर्वी इथंच उभं राहून कबूल केल्तं की मी कॉपी केली. खरी साक्ष अशी असते! कोण देणार आज तशी साक्ष?"

शांताबाई दोन बाकं पुढं बसली होती. तिची मान खाली गेलेली मला मागून दिसली.

मी उठले. माइक घेतला नाही. आवाज फुटला तसा फुटला. म्हटलं, "कृपानं कधीही कॉपी केली नाही. ती साक्ष खोटी होती आणि ती मी तिच्याकडून काढून घेतली. मला ते तेव्हाच कळलं होतं. तिनं माझ्या घरी येऊन मला सांगितलं होतं, खरं काय ते बोला म्हणून. मी बोलले नाही, माझी अब्रू जाईल म्हणून. त्या पोरीचं जे झालं ते तुम्ही आणि मी केलं. या पोरांना घरी जाऊ द्या, त्यांचे पेपर आहेत."

मला वाटलं, आता कुणीतरी ओरडेल, मला बाहेर काढतील. बरं वाटलं असतं मला. पण शमुवेलनं दोन्ही हात वर केले. "हालेलुया! टीचरनी केवढ्या नम्रतेनं साक्ष दिली! टाळ्या!" आणि वाजवल्या हो त्यांनी. सगळ्यांनी. पाळकसाहेबांनी डोळे पुसले. एक बाई उठून माझ्या गळ्यात पडली. कीबोर्डवाल्यानं सूर धरले. माझं चार वर्षांचं पाप त्यांनी तीन मिनिटांत गिळलं, वर ढेकर दिली.

मी बाहेर आले. पायऱ्यांवर शांताबाई उभी होती, चपला हातात. मी तिच्यापुढं हात जोडले. काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण तीच आधी बोलली. रागानं नाही. साधं, अंगणवाडीत लेकरांना विचारतात तसं.

"टीचर, फिजिक्स बुधवारी होतं. मधी एक शनिवार होता ना?"